सग्वाची बाटली आणि डॉ. सुझन ला फ्लेश यांची सेवा: एक तुलनात्मक परीक्षण

पैसे मोजून घेतलेल्या वस्तूचे किंवा सेवेचे परीक्षण करताना आपण सहसा चार गोष्टी पाहतो: विक्रेत्याने काय कबूल केले, प्रत्यक्षात काय दिले, त्याचे किती पैसे घेतले आणि तक्रार घेऊन गेल्यावर तो जागेवर सापडला की नाही. औषधोपचाराच्या बाबतीत यातला चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, असे माझे ठाम मत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत एकाच वेळी उपलब्ध असलेल्या दोन गोष्टींचे परीक्षण मी याच निकषांवर करणार आहे. पहिली गोष्ट म्हणजे फिरत्या औषधी खेळांतून, म्हणजे करमणुकीचा कार्यक्रम करून औषध खपवणाऱ्या मंडळ्यांकडून, विकले जाणारे ‘किकापू इंडियन सग्वा’ हे औषध (इथे ‘इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी), आणि दुसरी म्हणजे नेब्रास्का राज्यातील ओमाहा या मूळ रहिवासी जमातीच्या राखीव प्रदेशात, म्हणजे सरकारने जमातीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, डॉ. सुझन ला फ्लेश यांनी दिलेली वैद्यकीय सेवा. पहिलीने अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचे नाव वापरून पैसा कमावला. दुसरी सेवा त्याच मूळ रहिवाशांपैकी एका स्त्रीने, रीतसर पदवी घेऊन, आपल्या माणसांना दिली.

सग्वाची एक रिकामी बाटली माझ्याकडे आहे. पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ती मला मिळाली. काच फिकट निळसर-हिरवी आहे, तिच्यात बारीक बुडबुडे अडकलेले दिसतात आणि अंगावर उठावदार अक्षरांत ‘हीली अँड बिगेलो’ व ‘इंडियन सग्वा’ असे लिहिलेले आहे. सोबत एका इंडियन पुरुषाची उठावातली प्रतिमा आहे. वस्तू म्हणून बाटली देखणी आहे, हे मान्य करावे लागेल. हातात घेतल्यावर जड लागते, विश्वासार्ह वाटते. कागदी लेबल गळून गेले असले तरी काचेवरचे नाव सव्वाशे वर्षांनंतरही स्पष्ट वाचता येते.

ही बाटली एक डॉलरला मिळे आणि सहा एकदम घेतल्या तर पाच डॉलर पडत. त्या काळात साध्या मजुराची दिवसभराची मजुरी साधारण एवढीच असे, म्हणजे हे औषध स्वस्त नव्हते. रक्त, यकृत, जठर आणि मूत्रपिंडे यांची शुद्धी करणारे औषध म्हणून त्याची जाहिरात होई, आणि अपचनापासून संधिवातापर्यंत बहुतेक सगळ्या तक्रारी तिच्यात बसवल्या जात. प्रत्यक्षात त्यात वनस्पतींचे अर्क, मद्यार्क आणि पोट साफ करणारी द्रव्ये होती. घेणाऱ्याला थोडी हुशारी वाटायची आणि दुसऱ्या दिवशी पोट मोकळे व्हायचे, त्यामुळे औषध ‘लागू पडले’ असा अनुभव खरोखरच येत असे. अशा औषधाचे यश नेमके यातच होते, की ते काहीतरी करत असे. मात्र जे कबूल केले होते ते करत नसे.

किकापू इंडियन मेडिसिन कंपनी १८८१ मध्ये जॉन हीली आणि ‘टेक्सास चार्ली’ या नावाने ओळखले जाणारे चार्ल्स बिगेलो यांनी उभी केली. पुढे तिचे मुख्य ठाणे कनेक्टिकट राज्यातील न्यू हेवन येथे होते. किकापू ही खरीखुरी जमात आहे. तिचे लोक आज कॅन्सस, ओक्लाहोमा, टेक्सास आणि मेक्सिकोत राहतात. कंपनीच्या औषधाशी मात्र त्यांचा काही संबंध नव्हता, आणि खेळांत नाचण्यासाठी पगारावर आणलेले मूळ रहिवासी बहुतेक वेगळ्याच जमातींचे असत. ‘वाइल्ड वेस्ट’ खेळांमुळे प्रसिद्ध झालेल्या बफेलो बिल यांच्या नावाची शिफारस जाहिरातींत छापली जाई. भरभराटीच्या काळात कंपनीच्या डझनावारी मंडळ्या एकाच वेळी देशभर फिरत होत्या.

या खेळाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण विक्रीचे सगळे कसब तिच्यात होते. गावाबाहेर तंबू आणि टिपी, म्हणजे मूळ रहिवाशांच्या शंकूच्या आकाराच्या राहुट्या, उभारल्या जात. संध्याकाळी बँड वाजू लागला की गाव जमा व्हायचे. प्रवेश बहुधा मोफत, नाहीतर दहा सेंट. आधी गाणी, नकला, कसरती, युद्धनृत्य; मग ऐन रंगात आलेला कार्यक्रम थांबवून ‘डॉक्टर’ म्हणवणारा वक्ता पुढे येई. हा वक्ता पदवीधर असावा अशी कोणाची अपेक्षाही नसे. तो आधी रोगाची भीती घाली: सकाळी तोंडाला येणारी कडवट चव, जिन्यावर लागणारा दम, रात्री न लागणारी झोप, म्हणजे ज्या गोष्टी प्रत्येकाला कधी ना कधी होतातच, त्या गंभीर आजाराची सुरुवात म्हणून तो मांडत असे. ऐकणाऱ्याला घाम फुटला की बाटली वर यायची. मदतनीस गर्दीत धावत सुटायचे, आणि ‘डॉक्टर, संपल्या, आणखी द्या!’ असे ओरडत परत यायचे, म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसाला आपला नंबर चुकेल अशी धास्ती वाटावी. आपल्याकडच्या आठवडी बाजारात लाउडस्पीकर लावून दंतमंजन आणि जडीबुटी विकणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तंत्र अनोळखी वाटणार नाही. काही दिवसांनी मंडळी पुढच्या गावाला निघून जायची, आणि औषधाचा गुण आला नाही म्हणून विचारायला गेलेल्याला फक्त तुडवलेले गवत दिसायचे.

तरीही लोक मूर्ख होते म्हणून ते फसले, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्या काळचे पदवीधर डॉक्टरही सर्रास पारायुक्त औषधे देत, खेड्यापासून डॉक्टर कित्येक मैल दूर असे आणि त्याची फी परवडत नसे. स्त्रियांची अडचण तर याहून मोठी होती. पाळीच्या, गर्भाशयाच्या तक्रारी पुरुष डॉक्टरपुढे उघड करण्यापेक्षा बाटली घेणे त्यांना सोपे वाटे. मॅसेच्युसेट्समधील लिन या गावच्या लिडिया पिंकहॅम यांचे ‘व्हेजिटेबल कंपाउंड’ १८७५ पासून याच संकोचावर चालले. ‘मिसेस पिंकहॅमना लिहा’ असे आवाहन जाहिरातीत असे आणि हजारो स्त्रिया आपले दुखणे त्यांना लिहून कळवत. पिंकहॅमबाई १८८३ मध्ये वारल्या. पत्रांचे आवाहन मात्र पुढे वर्षानुवर्षे चालूच राहिले. अखेर १९०५ मध्ये ‘लेडीज होम जर्नल’ने त्यांच्या थडग्याचे छायाचित्र छापले, तेव्हा कुठे वाचकांना कळले की आपण मृत बाईला पत्रे लिहीत होतो. त्या औषधातही भरपूर मद्यार्क होता. या स्त्रियांना खरे तर हवी होती ती आपले ऐकून घेणारी, शिकलेली स्त्री डॉक्टर; बाजारात मिळत होती ती तिची छापील प्रतिमा.

अशा वेळी अमेरिकेत जी मोजकी महाविद्यालये स्त्रियांना डॉक्टर करत होती, त्यांत फिलाडेल्फियाचे वुमन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया अग्रभागी होते. मराठी वाचकाला हे नाव माहीत आहे, कारण कल्याणात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी मार्च १८८६ मध्ये तिथूनच पदवी घेतली, आणि पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, सुझन ला फ्लेश त्या महाविद्यालयात दाखल झाल्या. दोघींची भेट झाली नाही. मात्र दोघींचा जन्म १८६५ मधला, दोघींना प्रवेश मिळाला तो डीन रेचल बॉडली यांच्याच कारकिर्दीत, आणि दोघींनी डॉक्टर होण्याचे ठरवले त्यामागे एकेक मृत्यू होता. आनंदीबाईंचे बाळ दहा दिवसांत गेले होते. सुझन लहान असताना राखीव प्रदेशातली एक आजारी वृद्धा रात्रभर कळवळत होती. सरकारी गोऱ्या डॉक्टरकडे चार वेळा माणूस धाडला, दर वेळी येतो म्हणून निरोप आला, आणि पहाटे डॉक्टर न येताच म्हातारी गेली. ती इंडियन होती, म्हणून तिच्या मरणाने कोणाचे काही बिघडले नाही, हे त्या मुलीला तेव्हाच कळले.

सुझन यांचे वडील जोझेफ ला फ्लेश, म्हणजेच ‘आयर्न आय’, हे ओमाहांचे प्रमुख होते. बहीण सुझेट हिने ‘ब्राइट आइज’ या नावाने मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी देशभर भाषणे दिली. सुझन आधी न्यू जर्सीत शिकल्या, मग व्हर्जिनियातील हॅम्प्टन इन्स्टिट्यूटमध्ये, आणि तिथल्या डॉक्टर मार्था वॉल्ड्रन, ज्या स्वतः फिलाडेल्फियाच्याच पदवीधर होत्या, त्यांनी सुझन यांना पुढे जाण्याचा आग्रह केला. खर्च कनेक्टिकटमधील स्त्रियांच्या एका संघटनेने उचलला. १४ मार्च १८८९ रोजी त्या ३६ जणींच्या वर्गात पहिल्या आल्या आणि वैद्यकीय पदवी मिळवणाऱ्या पहिल्या मूळ अमेरिकी स्त्री ठरल्या. किकापू कंपनीचे मुख्य ठाणे त्याच कनेक्टिकटात होते, हा योगायोग मला फार बोलका वाटतो: एकाच राज्यातून इंडियन नावाची बाटली देशभर जात होती आणि एका इंडियन मुलीच्या शिक्षणासाठी पैसाही जात होता.

आता सेवेकडे वळतो. ऑगस्ट १८८९ मध्ये डॉ. सुझन यांची नेमणूक सरकारी शाळेतल्या मुलांसाठी झाली; काही महिन्यांतच सबंध जमातीची, म्हणजे १,२४४ माणसांची, जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांना फिरावा लागणारा प्रदेश १,३५० चौरस मैलांचा सांगितला जातो, म्हणजे जवळजवळ अख्ख्या गोव्याएवढा, आणि त्यात पक्के रस्ते नव्हते. आधी पायी, मग घोड्यावर, मग घोडागाडीतून त्या फिरल्या. हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली उतरलेला असतानाही फेऱ्या चालूच असत. पगार वर्षाला ५०० डॉलर. हिशेब केला तर दर माणशी वर्षाला चाळीस सेंट होतात. एवढ्या पैशांत सग्वाची अर्धी बाटलीसुद्धा आली नसती. इथे मात्र वर्षभर, दिवसा आणि रात्री, पदवीधर डॉक्टर उपलब्ध होती.

गुणवत्तेविषयी बोलायचे तर, सर्वांत आधी भाषा. रोग्याला दुभाष्याची गरज नव्हती. ओमाहा भाषेतच सगळे सांगता यायचे. बाईचे दुखणे बाईला, आपल्याच बोलीत, आपल्याच घरात सांगता येणे ही सोय किती मोठी आहे, हे ज्यांनी परक्या भाषेत डॉक्टरपुढे शब्द शोधले आहेत त्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेतल्या त्यांच्या दवाखान्यात औषधांच्या बाटल्यांबरोबर चित्रांची पुस्तके, मासिके आणि खेळ ठेवलेले असत, म्हणजे थांबणाऱ्यांचा वेळ जावा आणि मुलांनी घाबरू नये. रात्री त्या खिडकीत दिवा लावून ठेवत, म्हणजे अंधारात येणाऱ्याला वाट सापडावी. लोक औषधाबरोबर सरकारी कागद वाचून घ्यायला, पत्र लिहून घ्यायला, जमिनीच्या वादात सल्ला मागायलाही येत, आणि त्यांना परत पाठवले जात नसे.

रोगांपुढे त्यांचे सामर्थ्य किती होते, याबद्दल अतिशयोक्ती करणे बरोबर नाही. क्षयाचा जंतू १८८२ मध्ये सापडला होता, पण त्यावर औषध नव्हते. गोवर, इन्फ्लुएन्झा, आमांश, डोळ्यांची साथ यांच्यावरही नेमका इलाज थोडाच होता. डॉ. सुझन स्वच्छता, मोकळी हवा, सकस अन्न, साथीच्या रोग्याला वेगळे ठेवणे, सर्वांनी एकाच भांड्याने पाणी न पिणे, माश्यांसाठी दाराला जाळी लावणे यांवर भर देत राहिल्या. हा उपदेश युद्धनृत्यासारखा रंगतदार नव्हता, आणि त्याचा परिणाम दुसऱ्या दिवशी पोटात जाणवतही नसे. पण बरे करता येत नाही असा रोग पसरू न देणे हे त्या काळात डॉक्टरच्या हातात असलेले सर्वांत मोठे काम होते, आणि ते करायला दर आठवड्याला त्याच घरी पुन्हा जावे लागे. फिरत्या खेळाला पुन्हा त्याच दारात जाण्याचे काहीच कारण नव्हते.

या सेवेतल्या उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. ती एका माणसाच्या शरीरावर उभी होती. कान, मान आणि डोक्याच्या तीव्र वेदनांनी त्या अंथरुणाला खिळू लागल्या आणि १८९३ मध्ये त्यांना सरकारी काम सोडावे लागले. पैसा देणाऱ्या संघटनांच्या अटीही होत्या: शिक्षण संपल्यावर काही वर्षे लग्न करू नये अशी अपेक्षा होती, आणि औषधोपचाराबरोबर धर्मप्रसार व गोऱ्यांच्या राहणीचा उपदेश यांचेही काम त्यांच्या गळ्यात होते. ओमाहांच्या जुन्या रीतींना या उपदेशात पुरेसा मान मिळाला नाही, हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण दोष त्यांच्यापेक्षा सरकारचा अधिक मानावा लागेल, कारण एवढ्या लोकवस्तीसाठी दुसरा डॉक्टर आणि रुग्णालय देणे हे सरकारचे काम होते.

१८९४ मध्ये त्यांनी हेन्री पिकॉट यांच्याशी लग्न केले, बँक्रॉफ्ट गावी दवाखाना थाटला आणि गोरे व मूळ रहिवासी अशा दोघांनाही तपासले. दोन मुलगे झाल्यावरही काम थांबले नाही. १९०५ मध्ये नवरा क्षयाने आणि दारूने गेला. दारूविरुद्ध त्या आधीपासूनच झगडत होत्या, आणि या लढाईचे पेटंट औषधांशी, म्हणजे सग्वासारख्या जाहिरातीवर खपणाऱ्या तयार औषधांशी, थेट नाते होते, कारण दारूबंदी असलेल्या प्रदेशात ‘औषधाची’ बाटली मात्र खुशाल विकता येत होती. ‘पेरुना’ नावाच्या अशाच एका औषधात जवळजवळ २८ टक्के मद्यार्क होता. अखेर १९०५ मध्ये मूळ रहिवाशांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी इंडियन अफेअर्स कार्यालयाला राखीव प्रदेशांत त्याच्या विक्रीवर बंदी घालावी लागली. पुढच्याच वर्षी डॉ. सुझन वॉशिंग्टनला शिष्टमंडळ घेऊन गेल्या, आणि राखीव प्रदेशातल्या नव्या गावांच्या जमिनींच्या खतांतच दारूविक्रीला मनाई करणारी अट घालून घेण्यात त्यांना यश आले.

१९०६ मध्येच शुद्ध अन्न व औषध कायदा झाला आणि मद्यार्क, अफू, मॉर्फीन, कोकेन यांचे प्रमाण लेबलवर लिहिणे सक्तीचे झाले. मात्र रोग बरे करण्याचे खोटे दावे त्यातून सुटले, आणि ती फट बुजवायला १९१२ ची दुरुस्ती यावी लागली. त्या दुरुस्तीतही फसवण्याचा हेतू सिद्ध करण्याचा बोजा सरकारवर टाकला होता, म्हणून ती दुबळीच राहिली. फिरते खेळ एकदम बंद पडले नाहीत. पण लेबलवर खरे लिहावे लागल्यावर धंद्याची जादू ओसरू लागली. भारतात औषधांच्या व जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा १९५४ मध्ये आला, आणि आजच्या आपल्या मोबाइलवरच्या जाहिराती पाहता त्याची अंमलबजावणी किती ढिली आहे हे लक्षात येते.

माझा निवाडा स्पष्ट आहे. सग्वा कोणाही ग्राहकाला घ्यावे असे मी सुचवले नसते, मग ती एक डॉलरला असो की फुकट. दाव्याला पाच गुणांपैकी शून्य, बाटलीला चार, खेळाच्या करमणुकीला कदाचित पाच, आणि विक्रीनंतरच्या सेवेला गुण देण्याचा प्रश्नच येत नाही. डॉ. सुझन यांच्या सेवेला मी उपलब्धतेसाठी आणि विश्वासासाठी पूर्ण गुण देतो, साधनांसाठी अर्धेसुद्धा देता येत नाहीत, आणि त्या अर्ध्याची भरपाई करायला त्यांना चोवीस वर्षे लागली: पदवीनंतर इतक्या काळाने, जानेवारी १९१३ मध्ये, वॉल्टहिल गावी त्यांचे रुग्णालय उघडले. पैसा सरकारी नव्हता. मुख्यतः प्रेस्बिटेरियन चर्चच्या आणि इतर देणगीदारांच्या मदतीने ते उभे राहिले, आणि रुग्ण कोणत्या वंशाचा हे तिथे विचारले जात नसे. हाडांच्या कर्करोगाने १८ सप्टेंबर १९१५ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, त्या वारल्या.

रुंद व्हरांड्याची ती इमारत आजही उभी आहे. १९९३ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळाला असून अलीकडे तिची डागडुजीही झाली आहे. नेब्रास्कात किंवा आसपास राहणाऱ्या मराठी मंडळींनी ती जरूर पाहावी. ओमाहा शहरापासून मोटारीने सव्वा-दीड तासाचे अंतर आहे, आणि नेब्रास्काची राजधानी लिंकन येथे २०२१ मध्ये उभारलेला डॉ. सुझन यांचा पुतळाही त्याच फेरीत पाहता येईल. निघण्यापूर्वी इमारत त्या दिवशी आतून पाहता येईल का, याची चौकशी अवश्य करावी.